कोकणात गाडीचं इंजिन ऑइल कधी बदलायचं

सर्व्हिसिंग झालं की काचेच्या कोपऱ्यात स्टिकर लागतो : पुढचं ऑइल इतक्या किलोमीटरला. त्याच्या खाली तारीखही लिहिलेली असते, पण ती कोणी वाचत नाही. कोकणातल्या बऱ्याच घरगुती गाड्यांना मात्र ती तारीखच लागू पडते, कारण किलोमीटर कधी पुरे होतच नाहीत.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांतलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. त्याच पुस्तकात दोन-चार पानं पुढे आणखी एक तक्ता असतो, खडतर वापराचा. कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, चढउताराचे रस्ते, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चालू राहिलेलं इंजिन. अशा वापराला तोच अवधी बरेचदा निम्म्यावर आणलेला असतो : ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने. आता दापोली, देवगड किंवा वेंगुर्ल्यात राहून यातलं आपल्याला काय काय लागू होतं ते बोटांवर मोजा. पहिला तक्ता आपल्यापैकी बहुतेकांसाठी नाही हे लगेच कळेल.

बाजारापुरती चालणारी गाडी

घर ते बाजार तीन किलोमीटर. सकाळी मुलांना शाळेत सोडून, मासळी घेऊन परत. संध्याकाळी पुन्हा एक चक्कर. दिवसाला चार स्टार्ट आणि १२ किलोमीटर. वर्षातले ३०० दिवस धरले तर ३,६०० किलोमीटर आणि १,२०० स्टार्ट. तेवढ्याच किलोमीटरमध्ये मुंबई-सावंतवाडीच्या जेमतेम साडेतीन फेऱ्या होतात आणि त्यात इंजिन थंड असताना फार तर वीसेक वेळा चालू होतं. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्या. आतलं ऑइल बाहेर काढलं तर बाजारवाल्या गाडीचं जास्त खराब निघेल.

कारण असं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर हे सगळं ऑइलमधून उडून पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी झडप) परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत, ओढलं जातं. इंजिन थंड असेल तर तिथेच मुरतं, आम्ल तयार करतं आणि ऑइलमधली रसायनं त्या आम्लाशी लढण्यात संपतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, पण तो पाण्याचा काटा आहे. ऑइल तापायला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तोवर बाजार आलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून बघा. आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर दिसेल. बोटाने पुसला तर निघतो, वास पेट्रोलचा येतो. हे बघून ‘हेड गॅस्केट गेलं’, म्हणजे इंजिनातलं सील फाटून कूलंट ऑइलमध्ये शिरलं, असं सांगणारे मिळतात. घाबरायच्या आधी दोन गोष्टी तपासा : डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ऑइल नेहमीसारखं तपकिरी किंवा काळं आहे का, आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी जागच्या जागी आहे का. दोन्ही ठीक असेल तर ती नुसती थंड होऊन पाणी झालेली वाफ आहे. गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग चालवली की थर बराचसा नाहीसा होतो. डिपस्टिकवरही दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग असेल आणि कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी चालू न करता टो करून न्या.

अशा गाडीचं ऑइल वर्षातून दोनदा बदलावं, किलोमीटर काहीही असोत. आठवड्यातून एकदा तरी सलग २५-३० किलोमीटरची दौड होत असेल तर एकदा पुरे.

आणि ते ‘एकदा’ कधी? आपल्याकडे पावसाच्या आधी, मे महिन्यात सगळी कामं उरकायची सवय आहे. घर शाकारणं ठीक, ऑइलला ती सवय चुकीची. मे महिन्यात घातलेलं नवंकोरं ऑइल चार महिने दमट हवेत पाणी पितं आणि तेच पुढचे आठ महिने इंजिनात फिरत राहतं. दसरा-दिवाळीच्या दरम्यान बदललं तर पावसाळ्याची सगळी घाण एकदमच बाहेर जाते. गणपतीआधी गॅरेजमध्ये जी रांग लागते, तीही टळते. यंदाचं ऑइल मे महिन्यात बदललं असेल तर पुढच्या मेपर्यंत न थांबता ऑक्टोबरमध्येच बदला. एक वेळ लवकर जाईल, पुढे चक्र बसेल. वर्षातून दोनदा बदलणाऱ्यांनी ऑक्टोबर आणि एप्रिल धरावेत.

गावी उभी असलेली गाडी

मुंबईच्या चाकरमान्याची गाडी गावी उभी असते. शिमगा, मे महिना आणि गणपती एवढंच तिचं फिरणं. ‘चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण ऑइलमध्ये मुरलेलं पाणी आणि आम्ल गाडी उभी असतानाही बेअरिंगच्या धातूवर काम करत असतात. वर्षाला एकदा बदलायचंच.

त्याहून मोठं नुकसान मायेपोटी होतं. काका दर रविवारी खळ्यात गाडी चालू करतात, दहा मिनिटं तशीच ठेवतात आणि बंद करतात. बॅटरीसाठी म्हणून. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बॅटरी फारशी भरत नाही आणि ऑइल तापत नाही. इंजिनात दर आठवड्याला थोडं पाणी मात्र सोडलं जातं. काकांना सांगा, पंधरा दिवसांतून एकदाच काढा, पण २०-२५ किलोमीटर फिरवून आणा. ते जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि गाडीला हात लावू नका.

घाट, लाल धूळ आणि खारी हवा

रत्नागिरी-कोल्हापूर आंबा घाटाने रोज ये-जा करणारी टुरिस्ट गाडी दिवसाला सुमारे २६० किलोमीटर पळते. दहा हजार किलोमीटर दीड महिन्याच्या आत होतात. ही गाडी रोज नीट तापते, ऑइलमध्ये पाणी राहत नाही. तिचं ऑइल उष्णतेने म्हातारं होतं. सात माणसं, टपावर सामान आणि दुसऱ्या गिअरमध्ये लांबलचक चढ, असं रोजचं असेल तर ७,५०० किलोमीटरला, किंवा मॅन्युअलच्या खडतर तक्त्यात याहून कमी असेल तर तेवढ्याला, बदलणं शहाणपणाचं. हायवेवर हलकी गाडी चालवणाऱ्याला १०,००० ठीक.

घाटात ऑइल जुनं असण्यापेक्षा कमी असणं जास्त वाईट. कुंभार्ली, फोंडा, करूळ किंवा आंबोलीच्या वळणांवर संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यातलं, ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी खालच्या खुणेवर असेल तर पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, सरळ रस्त्यावर विझला, म्हणजे हेच. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, ऑइल घालूनच पुढे जा. ‘खाली गाव लागलं की बघू’ यात इंजिन जातं.

चिरेखाणींच्या रस्त्यांवरची लाल धूळ एअर फिल्टरवर बसते. फिल्टर फाटका असेल किंवा त्याचा डबा नीट बसलेला नसेल तर ती बारीक पूड सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. मग ऑइल वंगणाचं काम सोडून पॉलिश पेपरचं काम करतं. ऑइल बदलताना प्रत्येक वेळी एअर फिल्टर काढून बघा. डब्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवून तांबडी पूड लागली तर फिल्टर झटकत बसू नका, नवा घाला.

किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक जागा तपासावी लागते : ऑइलचा संप. पत्र्याचा असेल तर कडांना आणि ड्रेन बोल्टभोवती गंज धरतो. गाडी पुळणीवर नेऊन लाटांत उभी करण्याची हौस असेल तर आणखी लवकर. ऑइल बदलताना खालून टॉर्च मारून बघा. रंगाला फुगे आले असतील तर खरवडून, गंजरोधक लावून घ्या. खळं शेणाने सारवलेलं असेल तर गळतीचा डाग उठून दिसत नाही. आठवड्यातून एका रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवा.

गणपतीच्या ट्रॅफिकचं गणित वेगळं. माणगावला चार तास अडकलात तर मीटर हलत नाही, इंजिन चालूच असतं. ढोबळ हिशेबात एक तास आयडलिंग म्हणजे ऑइलच्या दृष्टीने ४०-५० किलोमीटर. स्टिकरवरच्या आकड्यातून तेवढे वजा करत चला.

डिझेल, आणि त्यातही बीएस-६

डिझेलचं ऑइल नवं घातल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. ते काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं. तेच त्याचं काम. रंग बघून ऑइल बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. उलट सीएनजीवर ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं, पण ते आतून झिजतच असतं. तिथेही रंग फसवतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून तो तापवतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी ६० किंवा त्याहून जास्त वेगाने सलग १५-२० मिनिटं गाडी चालावी लागते. वाडीच्या रस्त्यांवर गाडी तशी सलग चालत नाही, काजळी जाळण्याचं काम मध्येच थांबतं आणि जळायचं राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. मग एक चमत्कार दिसतो : ऑइल न घालता पातळी वाढते. लोक खूश होतात, ‘आमची गाडी ऑइल खातच नाही.’ डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल पातळ झालं आहे. थोडं काढून टाकून भागत नाही. सगळं बदलायचं, तारीख झालेली असो वा नसो. पातळी फारच वाढली तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

अशी गाडी असेल तर पंधरवड्यातून एकदा डिपस्टिक बघा, आणि महामार्ग ६६ वर अर्धा तास सलग चालवा.

कोणतं ऑइल

मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. हे एवढ्यात संपायला हवं, पण गॅरेजमध्ये हटकून एक वाक्य ऐकू येतं : ‘आपल्याकडे गरमी, २०डब्ल्यू-५० टाकूया, जाड असतं.’ ५डब्ल्यू-३० मधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर २५ आहे की ३५, याने त्याला फारसा फरक पडत नाही. आणि कोकणातली हवा घामाची असली तरी विदर्भासारखी ४५ अंशांची नाही. ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनाच्या बारीक वाटांतून जाड ऑइल उशिरा पोचतं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरच्या कॅमशाफ्टला ते मिळेपर्यंत धातू धातूवर घासतो. जुन्या डिझेल गाड्यांना १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं, त्यांना तेच घाला.

टर्बो पेट्रोल असेल तर डब्यावर एपीआय एसपी दर्जा बघा. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईए सी२ किंवा सी३, मॅन्युअल सांगेल ते. साधं ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही. सिंथेटिक घातलं म्हणून तारीख पुढे ढकलता येत नाही. पाणी त्यातही मुरतं. इंजिन फ्लश आणि वरून घालायच्या बाटल्या यांवर पैसे घालवू नका.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी काढा, पांढऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत ओघळलेलं असतं, तो आकडा खरा नसतो. दोन खुणांच्या वरच्या अर्ध्यात पातळी हवी. बहुतेक गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत सुमारे एक लिटर मावतं. कमी असेल तर एकदम न ओतता पाव-पाव लिटर घाला. हजार किलोमीटरला पाव लिटरपेक्षा जास्त घालावं लागत असेल तर गाडी दाखवून घ्या.

घरी बदलायचं तर

लागणारं सामान : मॅन्युअलमधल्या दर्जाचं ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर (गॅरेजच्या भाषेत वायसर), गोटी पाना, फिल्टर पाना, सहा-सात लिटरचं पसरट घमेलं, जॅक आणि दोन स्टँड. छोट्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागतं, दीड लिटरच्या डिझेलला पाचच्या आसपास, मोठ्या डिझेल एसयूव्हीला सहा-सात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दशांशापर्यंत दिलेला असतो, तोच धरा.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. आणि स्टँड नाही म्हणून जांभ्याचे चिरे लावायचे नाहीत. चिरा भिंतीत पसरून भार घेतो; चेसिसच्या अरुंद कडेखाली तो काहीही न सांगता दुभंगतो.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळ घेऊन येतं. वरचं झाकण उघडा. ड्रेन बोल्टला सहा कोनी गोटीच लावा. गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी रिंग पाना लावला की डोकं गोल झालंच. किनाऱ्याजवळच्या गाडीला आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. बोल्ट निघाला की ऑइल दहा-पंधरा मिनिटं गळू द्या, शेवटी थेंब थेंब होईपर्यंत.

फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या तोंडावर बोट फिरवा. जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरं होतात आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला नवं ऑइल चोळा, हाताने फिरवा, रबर टेकलं की आणखी पाऊण फेरा. फिल्टर पाना फक्त काढण्यासाठी आहे.

बोल्टला नवा वॉशर घालून आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवा. ॲल्युमिनियमच्या संपचे आटे जोर लावून खराब होतात. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या पान्यावर एका हाताचा जोर. पाइप घालून ओढण्याचं काम नाही.

आता गाडी खाली घ्या. सांगितल्यापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल घाला, इंजिन चालू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. मिनिटभर चालवून खाली गळती बघा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघत बाकीचं घाला. साडेतीन लिटरचा डबा आणला म्हणून तो सगळा ओतायचा नसतो. गॅरेजमध्येही हे सर्रास होतं, तेव्हा ‘दादा, उरलेलं डब्यातच ठेवा’ असं आधीच सांगा. जास्त झालेलं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळून फेस करतं आणि पंपाला फेस ढकलता येत नाही. फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं अधिकृत ठिकाणीच करून बिल जपून ठेवा.

पुराचं पाणी शिरलं तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा अनेक गाड्या बोनेटच्या वर बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी लावली की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी घेतलेली नसेल तर विमा कंपनी हा खर्च बहुधा नाकारते.

आधी बॅटरी सोडवा. एअर फिल्टर ओला आहे का बघा. ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा; पाणी ऑइलपेक्षा जड, ते संपच्या तळाशी असतं आणि आधी तेच बाहेर येतं. पाणी निघालं तर स्पार्क प्लग काढून, मेकॅनिकच्या देखरेखीखाली इंजिन हाताने फिरवून सिलिंडर मोकळे करावे लागतात. मग नवं ऑइल आणि फिल्टर, दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा ऑइल आणि फिल्टर, आणि ५०० किलोमीटरवर तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळी स्वस्तातलं, पण योग्य ग्रेडचं ऑइल चालेल.

काढलेलं ऑइल

वाशांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल चोपडायची रीत जुनी आहे. त्यात इंजिनातले जड धातू आणि त्वचेला घातक रसायनं असतात. गोठ्याच्या किंवा माणसांचा हात लागेल अशा लाकडाला तर लावूच नका. परड्यात ओतलं तर जांभ्याच्या भेगांतून ते विहिरीपर्यंत जातं, वहाळात ओतलं तर थेट खाडीत. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. रिकाम्या डब्यात भरून, घट्ट झाकण लावून ते मोठ्या गॅरेजच्या पिंपात द्या. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या, त्यातूनही पाव लिटरच्या आसपास निघतं. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला सुरीने भोक पाडा. असे धड डबेच भेसळवाले पुन्हा भरून विकतात.